खिशातलं रिव्हॉल्व्हर आणि कारखान्याचं राहून गेलेलं काम

वस्तू: पाच गोळ्यांचं, .३८ स्पेशल या जातीच्या काडतुसाचं छोटं रिव्हॉल्व्हर. ॲल्युमिनियमची फ्रेम, स्टेनलेसचं सिलिंडर, पावणेदोन इंचाहून थोडी मोठी नळी, घोडा (चाप ओढल्यावर काडतुसावर पडणारा भाग) फ्रेमच्या आत झाकलेला. रिकामं वजन पंधरा औंस, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. जागा: टेक्सस, ह्यूस्टनच्या बाहेर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असे दोष मी एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या मालात पाहिलेत. माझं पोटापाण्याचं काम मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनचं आहे, त्यामुळे मोजमापं जरा जास्त येतील. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

आधी दोन गोष्टी. एच-वन-बी किंवा एफ-वन व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ ठेवायला साधारणपणे बंदी आहे. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून. ग्रीन कार्ड असेल तर हा अडसर नाही. आणि भारतात परवान्याचं रिव्हॉल्व्हर असणाऱ्यांनी यातलं काहीही घरी करू नये. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. पुण्यात मेहुण्यांनी विचारलं होतं, त्यांनाही हेच सांगितलं.

३ फेब्रुवारी २०२४

आज घरी आणलं. करासकट पाचशेच्या थोडं वर गेलं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली, सिलिंडर उघडून पाचही भोकांत बोट फिरवलं, मगच टेबलावर घेतलं. यापुढच्या प्रत्येक नोंदीत हे धरून चाला.

दुकानात काउंटरच्या पिवळ्या दिव्याखाली ठीक दिसलं होतं. घरी पांढऱ्या दिव्याखाली मागून बघितलं तर माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, डावीकडे कललेली. या जातीत माशी नळीलाच घडवलेली असते, म्हणजे माशी कलली असेल तर अख्खी नळी थोडी जास्त आवळली गेलीय. फ्रेमच्या वरची खाच आणि माशी यांची रेघ जुळवून मोजलं, तर माशीचं टोक मध्यापासून १५ थाउ डावीकडे. ऐकायला काहीच नाही. पण खाच ते माशी हे अंतरच जेमतेम साडेतीन इंच, त्यामुळे दहा यार्डांवर हिशेब दीड इंचाचा होतो. माशी डावीकडे, तर गोळी उजवीकडे.

मग फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या. नळीचं मागचं तोंड आणि सिलिंडर यांच्यातली फट मोजायची. सिलिंडर मागे दाबून धरलं तर डाव्या बाजूला ६ थाउ, उजव्या बाजूला ९. पुढे दाबून धरलं तर २ आणि ५. यातून दोन गोष्टी निघतात. एक, नळीचं तोंड काटकोनात सपाट कापलेलं नाही. दोन, सिलिंडर पुढेमागे ४ थाउ खेळतंय. नव्या मालात हा खेळ एक-दोन थाउच्या वर मला चालत नाही. फट ४ ते १० मध्ये सगळीकडे सारखी असेल तर तक्रार नाही, पण डावीकडच्या २ थाउमध्ये थोडी काजळी बसली की सिलिंडर घासणार.

शेवटी टायमिंग, म्हणजे सिलिंडरचं प्रत्येक चेंबर (काडतुसाचं भोक) वेळेवर नळीसमोर येतं का. सिलिंडरवर बोटाने हलका दाब ठेवून चाप अगदी सावकाश ओढायचा. घोडा पडण्याआधी सिलिंडर जागेवर बसल्याची टिक ऐकू आली पाहिजे. चार चेंबरना आली, एकाला नाही. त्या चेंबरजवळ मार्करने ठिपका काढून ठेवला.

ही सगळी तपासणी अर्ध्या तासाची. फिलर गेजचा सेट सहा डॉलरला मिळतो. पुढच्या वेळी तो खिशात घालूनच दुकानात जायचं आणि काउंटरवरच्या माणसाला आधी विचारून घ्यायचं. चांगले दुकानदार हरकत घेत नाहीत.

१० फेब्रुवारी

रेंज. १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिशाची साधी काडतुसं आणि १३० ग्रेनची तांब्याच्या आवरणाची. सात आणि दहा यार्ड, हात वाळूच्या पिशवीवर. जड चापामुळे उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या सहसा डावीकडे जातात. माझ्या उजवीकडे गेल्या, म्हणजे दोष हाताचा नाही. शेजारच्या लेनवरच्या ओळखीच्या माणसालाही मारायला दिलं. त्याच्याही उजवीकडेच. दहा यार्डांवर दीड ते दोन इंच.

ठिपक्याच्या चेंबरमधून शिशाची गोळी मारली की उजव्या मनगटावर बारीक कण टोचत होते. चेंबर आणि नळी एका रेषेत नसली की शिसं असं तासलं जातं. हा दोष घरगुती उपायांचा नाही.

तिसरी गोष्ट घरी दिसली नव्हती. पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची मारून उरलेली धातूची नळकांडी, अडकतात. दोन चेंबरमधल्या पुंगळ्या त्या बाहेर ढकलणाऱ्या रॉडवर तळहाताने जोरात मारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. एवढ्या आखूड नळीखाली एक्स्ट्रॅक्टरचा रॉडही आखूडच बसतो. .३८ स्पेशलची पुंगळी १.१५५ इंच लांब, आणि रॉड तिला पूर्ण बाहेर ढकलतच नाही. शेवटचा भाग पुंगळीने स्वतःच्या वजनाने घसरून यायचा असतो. त्यात चेंबर खरबरीत असेल तर संपलंच. भिंगातून बघितलं तर त्या दोन चेंबरमध्ये रीमरचे (भोक मापात आणायच्या हत्याराचे) आडवे ओरखडे स्पष्ट दिसतात.

१२ फेब्रुवारी

कंपनीला फोन. नळी मी स्वतः फिरवणार नव्हतो. त्याला फ्रेमच्या मापाचे लाकडी किंवा नायलॉनचे जबडे आणि खास पाना लागतो, आणि हलक्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमला नळीच्या आट्यांखाली जिथे धातू सगळ्यात पातळ असतो तिथे चीर जाते. एकदा चीर गेली की फ्रेम भंगारात. वॉरंटी असताना हा उद्योग कशाला?

साधा माणूस आपली बंदूक दुरुस्तीला थेट उत्पादकाकडे पाठवू शकतो आणि ती परत घरच्या पत्त्यावर येऊ शकते, मध्ये दुकानदार लागत नाही. मात्र सरकारी टपालाने नाही, तिथे साध्या माणसाला पिस्तूल-रिव्हॉल्व्हर पाठवायला १९२७ च्या कायद्याने तेव्हा, २०२४ मध्ये, बंदी होती. कंपनीने कुरिअरचं भरलेलं लेबल मेलने पाठवलं.

पेटीत एक कागद टाकला. तक्रारीची भाषा नाही, फक्त आकडे: माशीचा कल, फटीची चार मापं, टायमिंग चुकणारं चेंबर, अडकणारी दोन चेंबर, टार्गेटचा फोटो. "नीट लागत नाही" असं लिहून पाठवलं की "तपासलं, मानकात बसतं" असं उत्तर येतं. आकडा लिहिला की कुणालातरी तो पुन्हा मोजावा लागतो. आमच्या शॉपमध्येही असंच चालतं. स्वतः घेतलेली ग्रिप, होल्स्टर वगैरे पेटीत घालू नका.

३ मार्च

रिव्हॉल्व्हर अजून तिकडेच. फोनवर "रांगेत आहे".

या रिकाम्या वेळात जुन्या आणि नव्या बनावटीबद्दल थोडं. या आकाराच्या रिव्हॉल्व्हरांचा मूळपुरुष म्हणजे स्मिथ अँड वेसनचं १९५० चं 'चीफ्स स्पेशल'. कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये पोलीस प्रमुखांच्या परिषदेत दाखवलं म्हणून हे नाव. त्या काळी हॅण्ड, स्टॉप आणि रॅचेट हे सिलिंडर फिरवणारे आणि रोखणारे भाग माणूस कानसीने एकमेकांना बसवायचा. आज हे भाग सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) किंवा धातूची भुकटी साच्यात घालून, भट्टीत भाजून बनतात. लोक सगळा राग या साच्यातल्या भागांवर काढतात. मला ते पटत नाही. भागांची मापं आज जास्त सारखी येतात. कमी झाला तो शेवटच्या बाकावरचा माणूस, जो तयार माल हातात घेऊन "ही नळी कललीय" म्हणायचा. माझ्या मालातले तीन दोष नुसत्या डोळ्याला आणि सहा डॉलरच्या गेजला सापडले, त्यात साच्याचा काय संबंध?

रूगरने २००९ मध्ये एलसीआर आणलं तेव्हा वेगळा रस्ता धरला. चाप आणि घोड्याचं घर पॉलिमरचं, आणि रचना अशी की हाताने बसवायचं काम कमीत कमी. छोटं रिव्हॉल्व्हर पहिल्यांदाच घेणाऱ्याने तेही हातात घेऊन बघावं. दिसायला गोजिरं नाही, पण चाप कारखान्यातूनच मऊ येतो.

२२ मार्च

परत आलं. पाच आठवड्यांच्या वर गेले. चिठ्ठीवर: नळी बदलली, टायमिंग दुरुस्त, चाचणी केली. खर्च शून्य.

मोजलं. माशी सरळ. फट मागे दाबून दोन्हीकडे ६, पुढे दाबून ४. खेळ २ थाउ. पाचही चेंबरना टिक येते. हे काम चांगलं झालंय, मान्य करायला हवं.

चेंबरच्या ओरखड्यांबद्दल चिठ्ठीत एक शब्द नाही. भिंगातून तसेच दिसतात. आणखी पाच आठवडे घालवायचे नव्हते, शिवाय हे काम घरी होण्यासारखं आहे.

२४ मार्च

चेंबर पॉलिश. रविवारची दुपार गेली.

बाजूच्या प्लेटचा पुढचा स्क्रू काढला की सिलिंडर आणि त्याचा हात (ज्यावर ते बाहेर झुलतं तो) फ्रेममधून पुढे सरकून निघतात. हा स्क्रू बाकीच्यांसारखा दिसतो पण त्याचं टोक वेगळं असतं, म्हणून त्याला वेगळी डबी. साधा स्क्रूड्रायव्हर वापरू नका, त्याचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं आणि खाचेच्या कडा फाडतं. सरळ घासलेल्या पात्याचा, बंदुकीच्या कामाचा सेट घ्या. मला चाळीस डॉलरला पडला, आणि या सगळ्या प्रकारात सर्वात उपयोगी पडलेली खरेदी हीच.

सिलिंडर पूर्ण उकलायचं असेल तर रॉडची आटी बऱ्याच मॉडेलवर उलटी असते. नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर आणखी घट्ट होते. आणि सोडवताना चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या घालून ठेवा, म्हणजे पुंगळ्या उचलणाऱ्या मधल्या चांदणीवर पीळ येत नाही.

पॉलिशची पद्धत: .३८ चा झिजलेला ब्रश, त्यावर सुती कापड, त्यावर धातू चमकवायची पेस्ट. कॉर्डलेस ड्रिल सगळ्यात कमी वेगावर, ड्रिल आतबाहेर चालतं ठेवायचं. हेतू धातू काढायचा नाही, ओरखड्यांची शिखरं मोडायची. चेंबरच्या पुढच्या अरुंद भागाला, जिथून गोळी बाहेर निघते, तिथे जायचं नाही. तो भाग मोठा झाला की नेम गेला. थोडं चालवायचं, पुसायचं, रिकामी पुंगळी घालून उलटं धरायचं. आपोआप खाली पडली की थांबायचं. एमरी पेपर लावायचा मोह होईल, लावू नका.

६ एप्रिल

रेंजवर पुंगळ्या आता बोटाच्या दाबाने येतात. मध्यावर लागतंय.

आता चाप. हातातला चापमापक बारा पौंडांवर संपतो, आणि काटा तिथेच जाऊन बसला. शेवटी मुंबईच्या विमानाला निघताना बॅगा उचलून बघायचा लटकता काटा आणला. आकडा धरून ठेवतो, आणखी काय पाहिजे? ५.८ किलो, म्हणजे पावणेतेरा पौंड. सव्वाचारशे ग्रॅमच्या वस्तूचा चाप पावणेसहा किलोचा. नेम का हलतो हे वेगळं सांगायला नको.

लगेच स्प्रिंगांवर उडी मारली नाही. डमी काडतुसं घालून रोज संध्याकाळी सुका सराव, म्हणजे गोळी न मारता नुसता चाप ओढणं, केला. दोन आठवड्यांनी वजन फारसं उतरलं नाही, ५.६ झालं, पण मधली खरखर गेली.

२० एप्रिल

स्प्रिंग किट, चोवीस डॉलर. हलकी मुख्य स्प्रिंग, आणि चाप परत ढकलणाऱ्या सरकत्या ठोकळ्यासाठी वेगवेगळ्या ताकदीच्या तीन.

बाजूची प्लेट उघडताना तिच्या कडेत स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका. स्क्रू काढा, रिव्हॉल्व्हर सैल हातात धरा, मुठीच्या उघड्या फ्रेमवर लाकडी दांड्याने टकटक करा. प्लेट हादऱ्याने स्वतः वर येते. ठोकळ्याची स्प्रिंग बाहेर येताना उडते, म्हणून हात प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून काम केलं.

ठोकळ्याचा तळ आणि फ्रेमच्या बाजूचा पृष्ठ काचेवर ठेवलेल्या १५०० च्या पॉलिश पेपरवर हलका फिरवला. चाप आणि घोडा जिथे एकमेकांना धरतात त्या कडांना हात लावला नाही. त्या कडा म्हणजे सुरक्षितता, आणि त्यांचं काम गनस्मिथचं.

जोडल्यावर ४.५ किलो. लोण्यासारखा चाप.

२७ एप्रिल

हा लोणी चाप रेंजवर टिकला नाही. फेडरल कंपनीची काडतुसं सगळी पेटली. सीसीआय कंपनीचे प्रायमर (काडतुसाच्या बुडातला, आधी पेटणारा भाग) असलेल्यांतली काही नुसती टक करून राहिली, प्रायमरवर उथळ खळगा. फेडरलचा प्रायमर मऊ आणि सीसीआयचा कडक हे या छंदातल्या लोकांना माहीत असतं, पण फरक एवढा उघडा पडेल असं वाटलं नव्हतं. मोठ्या रिव्हॉल्व्हरचा घोडा जड असतो, तिथे हलकी स्प्रिंग खपून जाते. इथे घोडाच चिमुकला, मागे ताकद नसेल तर काम होत नाही.

शिवाय सर्वात हलक्या परत-स्प्रिंगमुळे वेगात मारताना चाप पूर्ण पुढे येत नव्हता, बोट त्याच्या पुढे धावत होतं.

"मग फक्त फेडरल वापर" असा सल्ला मिळाला. टार्गेटच्या स्पर्धेसाठी ठीक आहे. स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या वस्तूने काडतुसाची कंपनी बघून पेटायचं ठरवलं तर ती मला नको.

संध्याकाळी कारखान्याचीच मुख्य स्प्रिंग परत बसवली, परत-स्प्रिंग किटमधली मधली ठेवली. ५.१ किलो. पुढच्या शनिवारी दोन्ही प्रकारची काडतुसं मारली, सगळी पेटली. चोवीस डॉलरच्या किटमधला एकच भाग आत आहे, आणि चापातली सुधारणा निम्म्याहून जास्त सुक्या सरावाने आणि ठोकळा घासल्याने आलीय.

११ मे

काडतुसं. हलक्या फ्रेममध्ये एक वेगळीच भानगड असते. धक्क्याने रिव्हॉल्व्हर मागे झटकलं जातं, पुंगळ्या त्याच्याबरोबर मागे येतात, पण आतल्या जड गोळ्या जागेवर राहू बघतात. घट्ट दाबलेल्या नसतील तर पुंगळीतून हळूहळू बाहेर निघतात. टोक सिलिंडरच्या तोंडाबाहेर आलं की सिलिंडर फिरायचं बंद. स्कँडियम मिश्रधातूच्या आणखी हलक्या .३५७ मॉडेलवर १२० ग्रेनपेक्षा हलक्या गोळीचं काडतूस वापरू नये असं नळीवरच कोरलेलं असतं, पण ते वेगळ्या कारणासाठी: अशा काडतुसांनी टायटॅनियमचं सिलिंडर लवकर झिजू शकतं.

चाचणी सोपी. एका काडतुसाची लांबी व्हर्निअरने मोजायची, त्यावर खूण करायची, ते शेवटी येईल असं भरायचं, बाकीची चार मारायची, ते काढून पुन्हा मोजायचं. एका स्वस्त पेटीतलं काडतूस १७ थाउने वाढलं. ती पेटी घरच्या जड स्टीलच्या रिव्हॉल्व्हरसाठी बाजूला काढली. नावाजलेल्या प्लस-पीमध्ये (जास्त दाबाच्या काडतुसांत) फरक नव्हता, पण पाच मारल्यावर अंगठ्याचं मूळ बधिर झालं.

शेवटी १४८ ग्रेनच्या वॉडकटरवर आलो. सपाट तोंडाची शिशाची गोळी, पुंगळीत जवळजवळ पूर्ण बुडालेली, धक्का निम्मा. पुंगळीबाहेर डोकंच नाही, तर बाहेर काय निघणार? गैरसोय एकच: सपाट तोंडामुळे घाईत भरताना चेंबरच्या कडेला अडतात. म्हणून सिलिंडरमध्ये वॉडकटर, आणि खिशातल्या राखीव काडतुसांच्या पट्टीवर गोल तोंडाची १५८ ग्रेन. दोन्ही दहा यार्डांवर माशीच्या जवळपास लागतात. ११० ग्रेनची हलकी गोळी खाली लागली, ते अपेक्षितच होतं. न हलणारी माशी साधारण १५८ ग्रेनच्या हिशेबानेच घडवलेली असते.

१८ मे

माशी नळीतच घडवलेली, त्यामुळे बदलता येत नाही. मिलिंग करून नवी बसवून घ्यायचा खर्च रिव्हॉल्व्हरच्या किमतीच्या निम्म्याला गेला, तिथेच विषय सोडला. ॲसिटोनने पुसून पांढरी नेलपॉलिश, वाळल्यावर त्यावर भगवी चमकणारी. चार डॉलर. सहा महिन्यांनी पुन्हा लावावी लागेल.

याच वर्षी जानेवारीत स्मिथ अँड वेसनने लिप्सीज या घाऊक विक्रेत्यांबरोबर ४४२ आणि ६४२ या याच आकाराच्या मॉडेलांची 'अल्टिमेट कॅरी' मालिका आणली. तिच्यात बदलता येणारी अंधारात दिसणारी माशी, मागे वेगळी खाच आणि बरी ग्रिप कारखान्यातूनच येते. किंमत दोनेकशेने जास्त. मी सुट्या भागांवर, हत्यारांवर आणि फुकट गेलेल्या काडतुसांवर यापेक्षा जास्त घालवलेत.

ग्रिप: रबराची मोठी घेतली, धक्का कमी झाला, पण खिशाच्या कापडाला चिकटते. लाकडाची घेतली, निघते छान, पण प्लस-पीला टोचते. वॉडकटर ठरल्यामुळे लाकूड राहिलं. रबराची कुणाला हवी असेल तर पडून आहे.

८ जून

टेक्ससचा उन्हाळा. खिशातल्या होल्स्टरमध्येही घाम आणि कापडाचा भुसा शिरतो. दर आठवड्याला फुंकणी आणि कोरडा ब्रश पुरतो, तेल अगदी थोडं. जास्त तेलात भुसा चिकटून चिखल होतो.

आज मध्येच सिलिंडर बंद होईना. चांदणीच्या खाली न जळलेल्या दारूचा एक कण अडकला होता, मोहरीच्या दाण्याएवढाही नसेल. पुंगळ्या काढताना नळी सरळ वर करून रॉड दाबला तर हे कण पुंगळ्यांबरोबर खाली पडतात. तिरपी धरली तर चांदणीखाली जातात. जुना टूथब्रश आता रेंजच्या पिशवीत कायमचा.

प्लेटचा एक स्क्रू ढिला सापडला. निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या डिंकाचा) टिपका लावला. लाल लावू नका, पुढच्या वेळी उघडणार नाही.

२० जुलै

पुन्हा मापं. फट मागे दाबून ६, पुढे दाबून ३. खेळ २ वरून ३ थाउ झालाय. नवं सिलिंडर बसताना एवढं होतं. ५ वर गेला तर सिलिंडरच्या हातात घालायच्या २ थाउच्या वॉशरी मागवल्यात, पाकीट दहा डॉलरचं. पुढचं माप दिवाळीच्या सुटीत घेईन, आणि वॉशर घालावी लागली तर ती कशी बसवली ते इथेच लिहीन.